घरच्या संगणकाचा राखणदार

श्रोतेहो, पीक कणसावर आले की शेतकऱ्याला राखणीची काळजी लागते. राखणदार ठेवायचा तर आपण चार गोष्टी विचारतो. माणूस कोणाच्या माहितीतला आहे? रात्री खरोखर जागतो का? घेतो किती? आणि त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहायचे, की शेताला कुंपणही घालायचे? आज मला ज्या राखणदाराविषयी बोलायचे आहे, तो शेताचा नव्हे, घरातल्या संगणकाचा आहे. त्याला अँटीव्हायरस म्हणतात. पण त्याला ठेवताना विचारावयाचे प्रश्न मात्र हेच चार आहेत.

गुरुजींनी किंवा बाईंनी घरी संगणक आणला, की दुकानदार विचारतो, “अँटीव्हायरस कोणता टाकू?” गुरुजी म्हणतात, “टाका तुम्हाला बरा वाटेल तो.” इथेच घोटाळा होतो. कारण त्या संगणकात पुढे काय काय जाऊन बसते ते पाहा. मुलांचे गुण, शाळेचा पगारपत्रक, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, शेताच्या सातबाऱ्याची प्रत, लग्नाचे फोटो आणि बँकेचा व्यवहार. ह्यांतले काही गेले तर पैसे देऊनही परत मिळत नाही. तेव्हा राखणदाराची निवड दुसऱ्यावर सोपवून चालणार नाही. ती कशी करावी, हे सांगण्यासाठी मी तुम्हाला गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास सांगणार आहे. कारण निवडीचा एकेक नियम कोणत्या ना कोणत्या ठेचेतून शिकलेला आहे.

प्रथम हा उपद्रव म्हणजे काय ते बघू. संगणक स्वतःच्या अकलेने काही करीत नाही. त्याला आज्ञांची यादी द्यावी लागते. ह्या यादीला प्रोग्रॅम म्हणतात. आता एखाद्याने अशी यादी लिहिली, की तिच्यातली पहिलीच आज्ञा ‘माझी आणखी एक प्रत काढ आणि शेजाऱ्याकडे पाठव’ अशी असेल, तर काय होईल? ती यादी एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पसरत जाईल. १९७१ साली अमेरिकेत बॉब थॉमस नावाच्या तंत्रज्ञाने ह्याच्याशी मिळताजुळता एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचे नाव ‘क्रीपर’. हेतू वाईट नव्हता. प्रोग्रॅम एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो का, एवढेच पाहावयाचे होते. तो गेला, आणि जिथे गेला तिथे ‘जमले तर मला पकडा’ अशा अर्थाचा निरोप ठेवू लागला. मग त्याला हुडकून पुसून टाकण्यासाठी ‘रीपर’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम लिहावा लागला. तो रे टॉमलिन्सन ह्यांनी लिहिला. ई-मेलच्या पत्त्यात जे वाटोळे चिन्ह आपण घालतो, ती पद्धत पाडणारे तेच हे गृहस्थ. म्हणजे बघा, चोर आणि राखणदार ह्यांचा जन्म जवळजवळ बरोबरच झाला.

पुढे संगणक घरोघरी जाऊ लागले. १९८२ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ रिच स्क्रेंटा नावाच्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाने मित्रांची गंमत करण्यासाठी ‘एल्क क्लोनर’ हा प्रोग्रॅम लिहिला. त्या काळी माहिती फ्लॉपी नावाच्या पातळ तबकडीवर ठेवीत. मित्र एकमेकांना खेळांच्या फ्लॉप्या देत, आणि त्यांच्याबरोबर हा पाहुणा फुकटात फिरे. पन्नासाव्या वेळी फ्लॉपी चालवली की पडद्यावर एक कविता उमटे, एवढेच. नुकसान करावयाचा हेतू नव्हता, पण घरगुती संगणकांत बाहेर मोकळेपणी पसरलेला हा अगदी आरंभीचा व्हायरस होय.

‘व्हायरस’ हे नाव मात्र त्यानंतर मिळाले. १९८३ साली दक्षिण कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात फ्रेड कोहेन हा विद्यार्थी ह्या विषयाचा अभ्यास करीत होता. त्याचे गुरू लेन ॲडलमन ह्यांनी हे नाव सुचवले. देवी-गोवराचा विषाणू जसा दुसऱ्याच्या शरीरात शिरून स्वतःची संख्या वाढवतो, तसाच हा. कोहेन ह्याने आणखी एक फार मोठी गोष्ट गणिताने सिद्ध केली. यच्चयावत सगळे व्हायरस ओळखील आणि कधीच चुकणार नाही, असा राखणदार-प्रोग्रॅम लिहिता येणेच शक्य नाही! आज अशक्य आणि उद्या शक्य, असे नव्हे, मुळातच अशक्य. मंडळी, हे वाक्य ध्यानात ठेवा. कोणी तुम्हाला ‘शंभर टक्के संरक्षण’ विकू लागला, तर तो कोहेनचे गणित तरी जाणत नाही, किंवा जाणून तुम्हाला फसवतो आहे.

आता आपल्या शेजारी येऊ. १९८६ साली लाहोर शहरात बासित आणि अमजद फारूक अल्वी ह्या भावांचे संगणकाचे दुकान होते. ते सॉफ्टवेअर लिहून विकत. लोक त्याच्या चोरून नकला करतात, ह्याचा त्यांना राग येई. त्यांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. आयबीएमच्या धर्तीच्या संगणकांवर पसरलेला हा पहिला व्हायरस. तो फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात, संगणक चालू होताना जो भाग प्रथम वाचतो तिथे, जाऊन बसे. गंमत अशी की त्यात त्यांनी स्वतःची नावे आणि दुकानाचा पत्ता घातला होता, आणि लस हवी असल्यास आमच्याकडे या, असे लिहिले होते. नकला करणाऱ्यांना अद्दल घडवावी, इतकाच विचार. पण फ्लॉप्या हातोहात समुद्रापार गेल्या आणि अनोळखी माणसांचे निरोप लाहोरला येऊ लागले.

ह्या गोष्टीतून एक समजून घ्या. हा रोग हवेतून येत नाही. त्याला वाट लागते. तेव्हा फ्लॉपी होती, आज पेन ड्राइव्ह आहे, ई-मेलला जोडून आलेली फाइल आहे, आणि फुकट मिळते म्हणून कुठून तरी उतरवून घेतलेले चोरीचे सॉफ्टवेअर आहे. शाळेत एकच पेन ड्राइव्ह मुख्याध्यापकांच्या संगणकातून झेरॉक्सच्या दुकानात, तिथून केंद्रशाळेत आणि तिथून पाच शिक्षकांच्या घरी जातो. एकाच सुईने दहा जणांना टोचावे, तसला हा प्रकार आहे.

रोग आला तसे वैद्यही आले. १९८७ साली जर्मनीत बर्न्ड फिक्स ह्यांनी ‘व्हिएन्ना’ नावाच्या व्हायरसवर उतारा लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन मॅकॅफी ह्यांनी अँटीव्हायरसची कंपनी काढली. हे राखणदार काम कसे करीत? पोलीस ठाण्यात सराईत चोरांच्या बोटांचे ठसे असतात ना, तसे. प्रत्येक व्हायरसमध्ये आज्ञांचा एखादा तुकडा असा असतो, की जो दुसऱ्या कशात सापडत नाही. तो ठसा वहीत उतरवायचा आणि प्रत्येक फाइल त्या वहीशी ताडून पाहायची. पद्धत चांगली, पण तिच्यात एक उणीव आहे. जो चोर वहीत नाही, तो समोरून निघून गेला तरी राखणदार त्याला रामराम करील! शिवाय १९९० च्या सुमारास असे व्हायरस निघाले, की ते प्रत्येक नव्या प्रतीत आपले रूपच बदलीत. मग ठशांबरोबर चालही पाहू लागले. एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फायली उघडून बदलू लागला, तर त्याचे नाव वहीत नसले तरी त्याला अडवायचे. आजचे चांगले अँटीव्हायरस ठसा आणि चाल ही दोन्ही पाहतात. ठशांची वही रोज ताजी व्हावी लागते, आणि त्यासाठी संगणक अधूनमधून इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. सहा महिन्यांची जुनी वही घेऊन बसलेला राखणदार झोपलेल्यासारखाच.

ह्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचेही एक पान आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीचे काम करीत होते. शिक्षण शाळेपुरतेच झालेले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय ह्यांनी मात्र संगणकशास्त्र शिकावे, असा त्यांचा आग्रह. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसची लागण वारंवार दिसू लागली. संजय ह्यांनी त्यांवर उतारे लिहावयास सुरुवात केली, आणि १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ हे नाव बाजारात आले. २०१६ साली त्या कंपनीचे शेअर बाजारात नोंदले गेले. हे मी जाहिरात म्हणून सांगत नाही, बरं का. तुम्ही कोणाचा माल घ्यावा हे मी सांगणार नाही. सांगावयाचे ते एवढेच, की हे काम म्हणजे जादूटोणा नव्हे. बिघडलेले यंत्र उघडून, रोग कुठून शिरला हे चिकाटीने शोधणाऱ्या माणसांचे ते काम आहे.

आता भीतीच्या बाजाराची गोष्ट ऐका. १९९१ साली ‘मायकेलअँजेलो’ नावाचा व्हायरस सापडला. इटलीतल्या त्या थोर कलावंताचा जन्म ६ मार्चचा. ह्या व्हायरसने धरलेला संगणक ६ मार्चला सुरू केला, की आतली माहिती नासून जाई. १९९२ च्या मार्चपूर्वी वर्तमानपत्रांनी आणि दूरदर्शनच्या वाहिन्यांनी जगभर गहजब केला. पन्नास लाखांपर्यंत संगणक बुडतील, असे आकडे मॅकॅफी ह्यांच्या तोंडून प्रसिद्ध झाले. लोकांनी धावत जाऊन अँटीव्हायरस घेतले. ६ मार्च उजाडला, मावळला. बुडालेले संगणक काही हजारांच्या घरातच निघाले. अँटीव्हायरस विकणाऱ्यांचा धंदा मात्र चांगला झाला.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना शिकवतो. तिचा शेवटही आपल्याला ठाऊक आहे. अनेकांनी मग अशा इशाऱ्यांकडे काणाडोळा केला. २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ हा व्हायरस जागा झाला. त्याने संगणकाच्या डिस्कचा आरंभीचा भाग पुसला, आणि काही यंत्रांत तर संगणक सुरू करण्याचीच सूचना नाहीशी केली. दक्षिण कोरियात त्याने फार नुकसान केले. म्हणजे भीतीने उडी मारू नये, तसेच बेफिकीरही राहू नये. ह्या दोहोंच्या मधली वाट म्हणजे माहिती.

भीतीचा धंदा पुढे चोरांनीच उचलला. २००८ च्या आसपास इंटरनेटवर फिरताना एकदम पाटी झळकू लागली, ‘तुमच्या संगणकात इतके व्हायरस सापडले, ताबडतोब हे अँटीव्हायरस विकत घ्या!’ प्रत्यक्षात काहीच सापडलेले नसे. घाबरून पैसे भरले की हाती येई ते बनावट सॉफ्टवेअर. त्या वर्षी अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने अशा एका टोळीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा फसलेल्या ग्राहकांचा आकडा दहा लाखांहून अधिक असल्याचे त्याने सांगितले. हा प्रकार अजून बंद झालेला नाही. पाटीवर आता फोन नंबर असतो आणि पलीकडचा माणूस गोड बोलून ‘तुमचा संगणक दुरून दुरुस्त करतो’ म्हणतो. चोरानेच राखणदाराचा फेटा बांधून दारात उभे राहावे, तसे हे आहे. तेव्हा पडद्यावर आपणहून उगवलेल्या पाटीवरून अँटीव्हायरस कधीही घेऊ नका.

पुष्कळदा दार आपण स्वतःच उघडतो. १९८९ च्या डिसेंबरात सुमारे वीस हजार फ्लॉप्या टपालाने निरनिराळ्या देशांत गेल्या. वर लिहिले होते की आत एड्स ह्या रोगाविषयी माहिती आहे. जोसेफ पॉप नावाच्या एका शास्त्रज्ञाचे हे कृत्य. फ्लॉपी घातल्यावर संगणक नव्वदेक वेळा सुरू होईपर्यंत सर्व ठीक चाले. मग फायलींची नावे अगम्य होत, आणि पनामा देशातल्या टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा, असा हुकूम येई. आज ज्याला रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीचा प्रोग्रॅम म्हणतात, त्याचा हा मूळपुरुष. जिम बेट्स ह्या इंग्रज तज्ज्ञाने त्यावर उतारा लिहून तो फुकट वाटला, हेही सांगितले पाहिजे.

४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून एक ई-मेल निघाली. विषय होता ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’. सोबत प्रेमपत्र असल्याचा देखावा. पत्र उघडले की आतला प्रोग्रॅम फोटोंच्या फायली नासवी आणि पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच पत्र पाठवी. पत्र ओळखीच्या माणसाच्या नावाने येई, म्हणून लोक उघडत. काही दिवसांत जगभरातले लक्षावधी संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. ते लिहिणारा तरुण मनिला शहरात सापडलाही. पण असल्या गुन्ह्याला त्या देशात तेव्हा कायदाच नव्हता, म्हणून त्याच्यावर खटला चालला नाही. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला, आणि दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस सोडणे हे त्यात स्पष्टपणे अपराधात धरले आहे. पण कायदा चोरीनंतर येतो. आधी लागते ती आपली सावधगिरी. ओळखीच्या माणसाकडून आलेली, पण अपेक्षित नसलेली फाइल उघडण्यापूर्वी फोन करून विचारावे, “तुम्हीच पाठवलीत ना?”

कधी कधी आपण दार उघडतही नाही. खिडकीच मोडकी असते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीचा प्रोग्रॅम सुमारे दीडशे देशांत पसरला. दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फायलींना त्याने कुलूप घातले आणि ३०० डॉलर मागितले. इंग्लंडातल्या सरकारी रुग्णालयांना रोग्यांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. मनाला लागणारी गोष्ट अशी, की ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच फुकट दिली होती. जवळजवळ दोन महिने ती दुरुस्ती ज्यांनी घेतली नाही, त्यांचे संगणक सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ नावाचा तसलाच हल्ला युक्रेनमधून सुरू झाला, आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका धक्क्याचे काम त्याने विस्कळित केले. कुठे युक्रेन आणि कुठे उरण! तारेने जोडलेल्या जगात दूरचे असे काही राहिलेले नाही.

राखणदारच चुकला तर? तेही घडले आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीने पाठवलेल्या ठशांच्या नव्या वहीत चूक होती. तिने विंडोजच्याच एका आवश्यक फाइलला व्हायरस ठरवले आणि हजारो संगणक बंद पडले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या कंपन्यांसाठी राखण करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख संगणक एकाच दिवशी बंद पडले, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले.

ह्याहून वाईट म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ल्याचे उदाहरण. ‘अवास्ट’ हे फुकट मिळणारे अँटीव्हायरस जगात कोट्यवधी लोक वापरीत. लोक इंटरनेटवर काय काय पाहतात, ही माहिती तिची एक उपकंपनी दुसऱ्यांना विकते, हे २०२० च्या जानेवारीत उघडकीला आले. उपकंपनी बंद करावी लागली, आणि २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. राखणदार घरातले सर्व काही पाहतो. म्हणून तो कोण आणि त्याचे पोट कशावर चालते, हे विचारणे भाग आहे.

आता ह्या इतिहासातून निवडीचे नियम काढू.

पहिला नियम. घरात आधीच राखणदार आहे का, ते पाहा. मायक्रोसॉफ्टने २००९ साली आपले फुकट अँटीव्हायरस दिले, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हा राखणदार विंडोजबरोबरच येऊ लागला. आरंभी तो कच्चा होता; परीक्षांत त्याला कमी गुण मिळत. पुढे तो सुधारला, आणि अलीकडच्या परीक्षांत वरच्या रांगेत बसू लागला. साध्या घरगुती वापराला, विंडोज नियमाने अद्ययावत ठेवणाऱ्या सावध माणसाला, तो पुरतो. तो चालू आहे की नाही, एवढे मात्र विंडोज सिक्युरिटीच्या पानावर जाऊन बघा. नव्या संगणकाबरोबर कधी कधी दुसऱ्या कंपनीची थोड्या मुदतीची नमुन्याची प्रत येते. मुदत संपल्यावर ती ठेवून उपयोग नाही; पैसे तरी भरा, नाही तर ती काढून टाका.

दुसरा नियम. विकत घ्यावयाचे असेल तर परक्याची साक्ष काढा. गुरुजींना हे समजावून सांगावयास नको, कारण आपला पेपर आपणच तपासलेला चालत नाही. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज आणि इंग्लंडातली व्हायरस बुलेटिन ह्या संस्था अँटीव्हायरसच्या परीक्षा घेऊन निकाल प्रसिद्ध करतात. एव्ही-टेस्ट तीन विषयांत गुण देते, प्रत्येकी ६, एकूण १८. राखण किती करतो, संगणक किती मंदावतो, आणि निरपराध फाइलला चोर ठरवतो का, हे ते तीन विषय. आपला संगणक जुना असेल तर दुसऱ्या विषयाकडे विशेष लक्ष द्या. एका परीक्षेवर जाऊ नका. वर्षा-दोन वर्षांचे निकाल पाहा.

तिसरा नियम. किंमत पहिल्या वर्षाची पाहू नका, दुसऱ्या वर्षाची पाहा. पुष्कळदा पहिले वर्ष स्वस्त देतात आणि पुढे दुप्पट घेतात. किती संगणकांना चालते, अडचण आली तर मराठीतून किंवा हिंदीतून बोलणारे कोणी आहे का, हेही विचारा. माल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा खात्रीच्या दुकानातून पावतीसह घ्या. अँटीव्हायरसचीच चोरीची प्रत वापरणे म्हणजे चोराकडून कुलूप विकत घेणे होय.

चौथा नियम. एका वेळी एकच राखणदार ठेवा. दोन ठेवले तर दुप्पट राखण होईल, असे वाटते. पण ते एकमेकांनाच अडवतात आणि संगणकाची चाल बैलगाडीसारखी होते.

पाचवा नियम खिडक्यांचा. विंडोजच्या आणि ब्राउझरच्या दुरुस्त्या आल्या की लगेच घ्याव्या. विंडोज १० ची नेहमीची फुकट दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तुमचा संगणक त्यावर असेल आणि नवे विंडोज त्यावर चालत असेल, तर ते बसवून घ्या. मोडक्या खिडकीला उत्तम राखणदारही किती वेळ पुरणार?

सहावा नियम सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. बियाणे आपण रोजच्या धान्यात मिसळीत नाही. ते वेगळे, राखेत घालून, बाजूला ठेवतो. तसे आपल्या महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, आणि डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवा. जोडलेली ठेवलीत तर खंडणीवाला तिलाही कुलूप घालील. कोहेनचे गणित आठवते ना? चुकणार नाही असा राखणदार नाही. म्हणून तो चुकेल त्या दिवसाची तरतूद आजच करावयाची.

आणि इतके करूनही दगा झालाच, तर? संगणकाचे इंटरनेट तोडा. त्याला जोडलेले पेन ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रात घालू नका. खंडणी भरण्याची घाई करू नका; पैसे भरूनही फायली न मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. बँकेचा पैसा गेला असेल तर विलंब न करता १९३० ह्या सरकारी क्रमांकावर कळवा. भारत सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. लागण झालेला संगणक साफ करण्याची साधने तिथून फुकट मिळतात. लाजून गप्प बसू नका. लागण लपवली तर ती पाच घरी जाते.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक सुचवतो. शाळेतल्या पेन ड्राइव्हवर नाव घाला, तो कोणाच्या संगणकात लावला ह्याची नोंद ठेवा, आणि लावल्याबरोबर फायली उघडण्यापूर्वी अँटीव्हायरसकडून तपासून घ्या. ही सवय वर्गातल्या मुलांना लावलीत, तर ती मुले घरी जाऊन आईवडिलांना शिकवतील. हात धुण्याची सवय गावागावांत अशीच शाळेतून घरी गेली आहे. रविवारी सवड काढून आपल्या संगणकापाशी बसा. राखणदार जागा आहे का, वही ताजी आहे का, आणि बियाणे वेगळे ठेवले आहे का, ह्या तीन गोष्टी तेवढ्या पाहून घ्या.